कवडूजींची डबल बेल

कवडूजी नखात्यांना भूत लागलं, म्हणून त्यांना संमोहनवाल्याकडे नेलं, ही बातमी हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत दोन दिवस फिरत होती. ती सोडणाऱ्यांत मीही होते, तेव्हा दुरुस्तीही मीच करते. भूतबीत काही नाही. कवडूजी आपल्या पायांनी गेले. त्यांना एकच गोष्ट आठवायची होती.

अठ्ठावीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी माणूस स्वयंपाकघराची चौकट धरून, पाय फाकवून चहा पितो. "काय कवडूजी, घर वळणावर आहे का?" मी विचारायची. दारावरची बेल दोनदा वाजली की आतून ओरडायचे, "थांबा!" मला मजा वाटायची. मी मुद्दाम दोनदा वाजवायची.

मग एकदा त्यांच्या बायकोनं, बायजाबाईनं, मला ओट्यावर बसवून सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी कोराडीहून येताना एका थांब्यावर कवडूजींनी दोरी दोनदा ओढली, म्हणजे ड्रायव्हरनं निघायचं. गाडी हलली आणि मागच्या दारातून उतरणारी म्हातारी खाली पडली. तिसऱ्या दिवशी गेली.

"चौकशीवाल्याईनं सोडलं वं," बायजाबाई म्हणाली, "पन यायनंच सोताले सोडलं नाही. दोरी ओढाच्या आधी दाराकडे पाह्यलं का नाही, तेच आठवत नाही."

त्या दिवसापासून मी बेल एकदाच वाजवते.

माझा भाचा विक्रम मानसोपचाराचं काम करतो, संमोहनही करतो. त्याचं नाव मीच सुचवलं, आणि कोणी बोलावलं नसताना सोबतही गेले.

विक्रमनं आधीच बजावलं, "काका, संमोहनात दिसतं ते सगळं घडलेलंच असतं असं नाही. आधी तुमचा ताण उतरू द्या."

"ते पाहू मंग. तू मले त्या थांब्यावर नेऊन तं सोड."

पडदे ओढले. कवडूजी चपला काढून आरामखुर्चीत टेकले. "कपाळ सैल सोडा... खांदे... हात..." खांदे उतरले, पण पायांची बोटं फरशी धरूनच. तीन बैठका अशाच गेल्या. कोपऱ्यात बसून मी मात्र तिन्ही वेळा घोरले.

चौथ्या बैठकीला विक्रम दहापासून उलटं मोजू लागला. पाचला बोटं सुटली. तीनला तोंड किंचित उघडलं. वाटलं, लागली एकदाची समाधी.

"दोन..."

कवडूजींचा हात वर गेला आणि त्यानं हवेतली दोरी घट्ट धरली. "थांबा गा! बाई उतरून राहिली!"

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. माझीच नजर दाराकडे गेली.

विक्रमनं हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही पाहिलं होतं?"

"आत्ता पाह्यलं," कवडूजी म्हणाले. "तवाचं ठाऊक नाही."

परतताना ऑटोत ते दांडा धरून बसले होते. गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, "कवडूजी, तो पोरगा इतकं सांगून राहिला, एकदा अंग सैल सोडून तर पाहा. मी तर तिथं तीनदा झोपले."

बाहेर बघतच ते म्हणाले, "तुम्ही सोडा न वैनी निवांत. तुमच्या मांगं दारात कोनी उभं नाही."