उटणं वाटून सांगितलेली गोष्ट

चष्म्याचा नंबर काढणारा माणूस गिऱ्हाइकाच्या जितका जवळ जातो, तितकं घरचंही कोणी जात नाही. नाकाला नाक लागायचंच काय ते बाकी असतं. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या आमच्या दुकानात हे काम चौदा वर्षं एकच गृहस्थ करताहेत. हात इतका हलका, की रडकं पोरसुद्धा त्यांच्यापुढे मुकाट बसतं. आणि गेल्या उन्हाळ्यापासून त्यांच्या अंगाला घाण वास मारू लागला. शिळ्या घामाचा, अर्धवट वाळलेल्या कपड्यांचा. गिऱ्हाइकं श्वास रोखून अक्षरं वाचू लागली. एक बाई तर शेवटची ओळ न वाचताच उठल्या.

अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ आणि दुकानाचे खरे मालक, मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत सांग त्यांना. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

सांग म्हणजे कसं सांग? माझ्याहून वयाने मोठा माणूस, वर मला 'सर' म्हणतो. कानडीत सांगावं की मराठीत, इथपासून माझा घोळ. दोन्ही भाषा मला घरच्या. पण त्या एका वाक्याला दोन्हींत जीभ उचलेना.

म्हणून मी आडवाटेला लागलो. आधी त्यांच्या तपासणीच्या खोलीत चंदनाची उदबत्ती लावली. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले. मग भिंतीवर दर दहा मिनिटांनी मोगरा फुसकारणारं यंत्र बसवलं. गिऱ्हाइकं शिंकायला लागली आणि नंबर चुकायला लागले. शेवटी दिवाळी आली, तेव्हा मला माझ्या मते फार मोठी युक्ती सुचली. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळूरचं, निम्मं बोलणं कानडी झालेलं, पण पहिल्या आंघोळीचं उटणं काही सुटलेलं नाही. ठरवलं, यंदा दुकानात मिठाईऐवजी सगळ्यांना उटणं आणि सुवासिक साबण. रीत म्हणून द्यायचं, निरोप आपोआप पोचेल.

पोचला, पण भलतीकडे. काउंटरवरच्या अक्कांनी पाकीट हुंगलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी अत्तरात बुडून आल्या आणि गिऱ्हाइकांसमोर मला अर्ध्या कानडीत विचारलं, "आता सरी आहे का, ठीक वाटतंय का, की आणखी स्वल्प लावू?"

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते गृहस्थ मात्र गहिवरले. इतक्या वर्षांत तुमच्या घरच्या सणात मला पहिल्यांदा धरलंत, म्हणाले. पाकीट न फोडता त्यांनी देवापुढे ठेवलं. वर दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन माझ्याच शेजारी बसू लागले.

दिवाळी संपली. अण्णांनी एका नव्या माणसाला येत्या सोमवारी यायला सांगितलं. शनिवारी दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि बोललो. कसं बोललो ते नीट आठवत नाही. हवेपासून सुरुवात केली, तिथून मेट्रोच्या खोदकामावर गेलो, मग सुती कापड बरं की टेरिकॉट यावर. आणि कधीतरी ते वाक्य तोंडातून पडलं.

त्यांनी हातातली काच पुसून डबीत ठेवली. मग म्हणाले, "सर, करोना झाल्यापासून मला कशाचाच वास कळत नाही. बायको सांगायची, हा शर्ट धुवायला टाका म्हणून. ती एप्रिलपासून लेकीचं मूल सांभाळायला हुबळीला आहे. मी शर्ट डोळ्यांनी बघतो. स्वच्छ दिसला की घालतो."

मी इतके महिने बहिऱ्याच्या दाराची कडी वाजवत होतो.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला इतकी सोयीची जागा पुन्हा मिळाली नसती. पण गोंधळात माझ्या तोंडून खरंच निघालं, "उन्हाळ्यापासून."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे मी एकटाच राहिलो होतो." हे ते रागावून म्हणाले नाहीत. रागावले असते, तर मला बरं पडलं असतं.

सोमवारी ते आले ते ओल्या केसांनी, नव्या शर्टात. नवा माणूस बाकावर बसला होता. अण्णांनी स्वतःचा चष्मा काढून खिशात ठेवला, गृहस्थांना घेऊन तपासणीच्या खोलीत गेले आणि पडदा ओढून घेतला. दहा मिनिटं आतून नुसती अक्षरं ऐकू येत होती. अण्णा वाचत होते, वरून खाली, मग पुन्हा वरून. बाहेर येऊन त्यांनी नव्या माणसाला चहा पाजला आणि परत पाठवलं. मला म्हणाले, "डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय."

नोकरी राहिली. आता रोज सकाळी ते शर्टाची बाही अक्कांपुढे धरतात, अक्का हुंगून मान हलवतात, मग ते आत जातात. वास येतोय का, हे त्यांनी मला एकदाही विचारलेलं नाही. मी सांगितलं ते बरं केलं, की इतक्या उशिरा सांगून वाईट केलं, याचा मला अजून उलगडा होत नाही. नमस्कार ते पूर्वीसारखाच करतात. फक्त जरा लांबून.