काकांचा अंगठा

लखनौ हे मुळातच निवांत शहर. पण या शहराच्याही संयमाचा अंत पाहणारं एक गिऱ्हाईक इथे होऊन गेलं, आणि ते नेमकं आमच्या डोक्यावर राहत होतं. निशातगंजमधल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे काका मूळचे भंडाऱ्याचे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने तरुणपणी इकडे आले आणि निवृत्त झाले तरी परत गेले नाहीत. मी बँकेच्या बदलीवर अकोल्याहून आलो, तेव्हा जिन्यात मराठी ऐकून मला भरून आलं होतं. ते मराठी म्हणजे काकूंचा वैताग होता, हे पुढे कळलं. काकांना एक वांगं घ्यायला अर्धा तास लागे. खिशातून भिंग काढून ते देठ तपासत, वांगं कानाशी नेऊन हलवत. भाजीवाला एकदा कळवळून म्हणाला, "बाबूजी, बैंगन है, हीरा थोड़ी है!" त्यावर काका शांतपणे म्हणाले, "हीरा होता तो इतना न देखते, भैया. हीरे को खाना थोड़ी है." काकूंच्या स्वेटरसाठी त्यांनी अमीनाबादला चार खेपा घातल्या. "निघालो तवा थंडी होती," काकू सांगत, "स्वेटर घरी आला तं उन्हाळ्याची लू सुरू झाली होती बाप्पा!"

ही सवय त्यांना जुन्या नाण्यांनी लावली होती. काकांना दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांचा नाद होता, त्यातही आहत नाण्यांचा. चांदीचे वेडेवाकडे कापलेले तुकडे आणि त्यांवर ठोकलेली सूर्य, हत्ती, डोंगर अशी चिन्हं. कुंपणातलं झाड उमटलेलं नाणं त्यांना सगळ्यांत प्रिय. त्या झाडात त्यांना बोधिवृक्ष दिसे. जाणकारांत त्याबद्दल मतभेद आहेत, असंही ते प्रामाणिकपणे सांगत. पण सांगताना त्यांचा हात छातीशी गेलेला असे.

नाणं घेण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी फक्त बघायचं. दुसऱ्या खेपेला सोनाराच्या छोट्या तराजूत वजन करायचं आणि कड तपासायची, कारण साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याची लबाडी कडेला सापडते. घ्यायचं ते तिसऱ्या खेपेला. तोवर दुसऱ्या कुणी नेलं तर म्हणायचे, "त्याच्याकडे सुखात राहील." नाणं आलं कुठून, हे विचारल्याशिवाय ते पुढे जात नसत. एकाने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "साहब, पिछले हफ्ते ही खेत से निकला है." काकांनी हातातलं नाणं निखारा असावा तसं खाली ठेवलं. जमिनीतून निघालेलं धन सरकारला कळवायचं असतं, यावर त्यांनी त्याला असं काही व्याख्यान दिलं की तो बिचारा गाठोडं बांधून पळाला. मी हौसेने घेतलेलं एक तांब्याचं नाणं एकदा चिंचेने घासायला बसलो होतो. काका जिन्यातूनच ओरडले, "अरे थांब! दोन हजार वर्षांनी चढवलेला रंग तू एका चिंचेत उतरवतोस?" मग दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

चौक या लखनौच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या घड्याळजींच्या दुकानामागे एक खोली होती. दर रविवारी सकाळी शहरातले नाण्यांचे शौकीन तिथे जमत. कुणाला एखाद्या नाण्याची शंका आली की ते काकांकडे येई. काका डोळे मिटून नाण्याच्या कडेवरून अंगठा फिरवत आणि "है" किंवा "नहीं है" एवढंच बोलत. त्यापुढे वाद नसे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा मोठमोठे वकील आणि डॉक्टर त्यांच्या अंगठ्याकडे श्वास रोखून बघताना पाहिले होते. वांग्यामागे भिंग घेऊन लागणारा तो माणूस तिथे राजासारखा बसला होता.

काकांच्या पंचाहत्तरीला मी त्यांना झाडाचं नाणं द्यायचं ठरवलं. चौकातच एक माणूस फडकं पसरून बसला होता. त्याच्याजवळ ते होतं, आणि झाड इतकं ठसठशीत की पान न् पान मोजावं. "शाम को दूसरे साहब ले जाएँगे," तो म्हणाला. बस्स, मला घाई झाली. वजन नाही, कड नाही, विचारपूस नाही. काकांनी इतकी वर्षं शिकवलेलं सगळं मी पाच मिनिटांत धुळीला मिळवलं आणि नाणं घेऊन नाचत घरी आलो.

काकांनी ते हातात घेतलं. अंगठा कडेवरून फिरला आणि मध्येच थबकला. मला वाटलं, गहिवरले. "वा," ते म्हणाले, "झाड काय स्पष्ट आलंय रे!" लगेच त्यांनी अल्बमच्या पहिल्या पानावरचं स्वतःचं नाणं काढून तिथे माझं ठेवलं. त्यानंतर मी वर गेलो की चहाच्या आधी अल्बम उघडायचो, ते पान बघायचो आणि फुगून खाली यायचो.

पुढे काकांनी रविवारी चौकात जाणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "गुडघे रे." मी गावाकडून तेल मागवून दिलं. ते बिचारे माझ्यासमोर बसून गुडघ्याला चोळतही.

गेल्या थंडीत काका गेले. काकू मुलीकडे नागपूरला निघाल्या, तेव्हा त्यांनी मला वर बोलावलं आणि कागदाची एक पुडी हातात ठेवली.

"बाकी सगळं त्याईनं म्युझियमले द्यायला सांगितलं होतं, ते दिलं. हे तुझं तू ठेव. तिथं हे चाललं नसतं."

मला काही उमजेना. "काहून, काकू?"

"खोटं आहे ना बाबू ते. त्याईले हातात घेतल्याबरोबर समजलं होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौकातली मंडळी एकदा घरी अल्बम बघायला आली होती. पहिलंच पान उघडलं आणि खोली गप्प झाली. कुणीतरी विचारलं, "साहब, यह आपने लिया?" काका म्हणाले, "हाँ, मैंने ही लिया." त्या दिवसापासून त्यांच्याकडे नाणी येईनाशी झाली. ते रविवारी जायचे, चहा प्यायचे, यायचे. कुणी काही विचारत नसे. मग जाणंच बंद केलं.

"मी म्हटलं, काढून ठेवा ते, नाहीतर त्या लोकाईले सांगा कोणी दिलं ते. तं म्हणे, पोरगा आला की पहिलं तेच पान उघडते. रिकामं दिसलं तं त्याले काय सांगू?"



त्या रविवारी मी ती पुडी घेऊन चौकात गेलो. खोलीत अर्धे चेहरे नवे होते. मी उभं राहून सगळं सांगितलं: नाणं कुणी आणलं, ते कुणी ओळखलं, आणि गप्प कोण राहिलं. जुन्यांपैकी एकदोघांनी माना खाली घातल्या.

"इतने बरस साथ बैठे," घड्याळजी म्हणाले, "और हमने एक बार पूछा तक नहीं."

"किसकी बात हो रही है?" नव्यांपैकी एकाने विचारलं. घड्याळजींनी चष्मा उतरवून पुसला आणि ते काकांबद्दल सांगू लागले. हळूहळू बाकीचेही बोलू लागले. कुणी त्यांचं व्याख्यान सांगितलं, कुणी त्यांनी टाळलेली फसगत. लोक हसत होते, मान डोलावत होते. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. सगळं चांगलंच बोलत होते. आणि हे ऐकायचं सोडून काका माझ्यासमोर बसून गुडघ्याला तेल चोळत राहिले होते.