फायनलसाठी राखून ठेवलेलं वैर

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये हेरंबला लोक ओळखतात ते आवाजावरून. चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही. बावीस वर्षं डिफेन्स फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये कारकून. भाजीवालीने किडकी वांगी पिशवीत टाकली तरी हा मुकाट घेऊन येतो आणि घरी बायकोची, विद्युलताची बोलणी खातो. "भांडता येत नाही तर निदान वांगी तरी बघून घ्या!" ती म्हणते. तेही मुकाट ऐकतो.

पण पोंगलच्या सुट्टीत कबड्डीचे सामने लागले आणि माइक हातात आला की हा वेगळाच माणूस. अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये, असा गरजायचा की झाडावरचे कावळे उठायचे. त्याची एक निळी वही होती आणि वहीत शब्दांची चढण. साखळी सामन्यात 'चुरस', उपांत्य फेरीत 'खुन्नस'. 'वैर' आणि 'सूड' फायनलशिवाय बाहेर काढायचे नाहीत.

"तू कबड्डी सांगतोस की पानिपत?" शेजारच्या नात्याने मी एकदा विचारलं.

"लोकांना पानिपतच हवं असतं, मावशी. 'चांगला खेळला' म्हटलं की उठून चहाला जातात."

सलग तीन वर्षं फायनलला तेच दोन संघ येत होते. आपल्या क्वार्टर्सचा कर्णधार संकेत आणि श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यातल्या पोरांचा कर्णधार, नवीन नावाचा मुलगा. नवीन तंजावरकडच्या मराठी घरातला, काकांनी वाढवलेला, मराठीपेक्षा तमिळ सहज बोलणारा. या दोघांचं वैर हेरंबनेच उभं केलं. एरवी वर्षभर त्यांच्यात ना दोस्ती ना भांडण, एकमेकांना फोनसुद्धा करत नसत. फायनलच्या आदल्या संध्याकाळी हेरंब दोघांना घरी बोलवायचा. वजन किती, आवडती पकड कुठली, असं सगळं विचारून वहीत उतरवायचा. विद्युलता उपमा द्यायची. दोघं वहीतल्या ओळी वाचून हसायचे.

तिसऱ्या वर्षीच्या फायनलला एकवीस-एकवीस गुण, शेवटची पाच मिनिटं. नवीन चढाईला आला आणि हेरंब ओरडला, "तीन वर्षांचं वैर! आज संकेत पाय धरणार नाही, पाय मोडणार!" लगेच तेच तमिळमध्ये. संकेतने घोटा धरला, वरून दोघं पडले, नवीनचा गुडघा भलतीकडे वळला. मैदानात टाळ्या. हेरंब आणखी दोन वाक्यं बोलला, मग त्याला नवीनचं तोंड दिसलं.

तिसऱ्या दिवशी संकेत हेरंबच्या दारात उभा. मी तिथेच होते.

"हेरंबकाका, नवीनचे काका पोलिसांत चाललेत. मी मुद्दाम पाय मोडला म्हणून. पुराव्याला सामन्याचा व्हिडिओ, त्यात तुमचा आवाज."

संकेतची फॅक्टरीतली निवड झाली होती. नोकरीआधीची पोलिसांची चारित्र्य-पडताळणी तेवढी बाकी होती. गुन्हा नोंदला गेला तर नोकरी ऑर्डर येण्याआधीच बुडाली. चार वर्षं त्याने त्यासाठी घासली होती.

हेरंब चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मला राग आला. "अरे, आता का दातखीळ बसली? चल नुंगंबाक्कमला, नवीनच्या काकांकडे!"

काका, बालाजीराव, बँकेतून निवृत्त झालेले, कमरेला लुंगीसारखी पांढरी वेष्टी, मान ताठ. हेरंब, विद्युलता आणि मी, आम्हा तिघांना बसा म्हणाले, पण पाणी विचारलं नाही. फोन पुढे धरला. पाय मोडणार, पाय मोडणार. टाळ्या.

"हा आवाज कुणाचा?"

"माझा."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं."

"नाही हो. वैर नव्हतंच त्यांचं."

"मग तीन वर्षं ओरडत काय होता?"

नवीन पलंगावर होता, पाय उशांवर. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. तो हळू म्हणाला, "अंकल, शनिवारी तुमच्या घरी वाचलं तेव्हा मी हसलो. पण तो माझ्या पायावर होता आणि वरून तुमचा आवाज येत होता. मला वाटलं, खरंच मोडतोय. अजून वाटतं."

हेरंबने पिशवीतून निळी वही काढली आणि पान उघडलं. शनिवारची तारीख. 'पाय मोडणार', पुढे 'शेवटची पाच मिनिटं'.

बालाजीराव उठूनच उभे राहिले. "ऐय्यो! आदल्या दिवशीच ठरलं होतं?"

या शहाण्याने संकेतच्या गळ्यातला फास आपल्या हाताने आवळला होता. विद्युलताने डोळे मिटले.

हेरंब पानं उलटत होता. "हे गेल्या वर्षीचं बघा. 'नवीन आज संकेतचा हात मोडणार.' त्याच्या मागच्या वर्षी 'खांदा'. त्याआधी दोघंही नव्हते, तेव्हा दुसरी नावं. ओळ तीच. दरवर्षी मीच मोडतो, साहेब. संकेतची पकड नियमातली होती, पंचांनी शिटी मारली नाही. मोडणार हे तो बोलला नाही. मी बोललो."

बालाजीरावांनी ती सगळी पानं वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली.

"मग तक्रार तुमच्यावर करू? सरकारी नोकर आहात तुम्ही."

"करा."

एवढाच शब्द. बावीस वर्षांत माइकशिवाय इतका मोठा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"लिहून द्या."

वहीच्या मागच्या पानावर त्याने 'मोडणार हे शब्द माझे, संकेतचे नाहीत' असं लिहिलं, सही केली. बालाजीरावांनी वहीच ठेवून घेतली.

पुढचे दहा दिवस विद्युलता दाराची कडी वाजली की दचकायची. बालाजीराव पोलिसांत गेले नाहीत. वही घेऊन सामन्यांच्या कमिटीकडे गेले, आणि कमिटीने हेरंबचा माइक काढून घेतला. कायमचा. संकेत मार्चमध्ये फॅक्टरीत रुजू झाला. नवीनला भेटायला तो दोनदा गेला, नवीनने दोनदा झोपल्याचं सोंग घेतलं.

या पोंगलला मी मैदानावर गेले. माइकवर कुणी नवाच गृहस्थ, 'कट्टर दुश्मन' म्हणून साखळी सामन्यातच ओरडत होता. हेरंब गुणफलकाशी आकडे बदलत होता. नवीन काठी टेकत आला आणि फलकाजवळच्या खुर्चीत बसला. चढाई चालू होती, दोघंही तिकडेच बघत होते.

"गुडघा वाकतो का?" हेरंबने विचारलं.

"अर्धा."

हेरंबने मान हलवली. पकड झाली, तेव्हा त्याने सहाचा आकडा काढून सात लावला.