काकीला आलेली हाक

माझ्या काकीसाठी आलेला फोन मी वर्षभराहून जास्त काळ माझ्याच धंद्याला वापरला. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला सावरून घ्यायची सोय उरणार नाही.

काकी म्हणजे माझी चुलती. जन्मापासून बहिरी, म्हणून बोलणंही नाही. तिची धाकटी बहीणही तशीच. माहेर वलवणकडचं. काकी लग्न होऊन आमच्या गावात, तिकोणा पेठेच्या बाजूला पवना धरणाच्या काठाला आली आणि धाकटी घाट उतरून कर्जतकडे गेली. लहानपणी दोघींनी मिळून हातांची एक भाषा केली होती. ती कुठल्या शाळेतली नव्हती, माहेरच्या ओट्यावर खेळता खेळता झालेली होती. दोन तळहातांची थाप म्हणजे भाकरी. दोन्ही हातांची बोटं खाली रोवली की भाताची लावणी. माणसांची नावंही खुणांचीच. धाकटीच्या डोळ्याखाली तीळ आहे, म्हणून डोळ्याखाली बोट टेकवलं की ती. मी लहानपणी उखळावर पडून हनुवटी फोडून घेतली होती, म्हणून हनुवटीला बोट लावलं की मी.

आई शेतावर जायची आणि मी काकीच्या मांडीवर असायचो. मला तोंडानं बोलता येण्याआधी हातानं भूक सांगता यायची, असं आई सांगे. घरातल्या बाकीच्यांना जेव, ये, पाणी आण एवढ्याच खुणा येत. मला बऱ्याच यायच्या. तरी काकीचं भरभरून बोलणं व्हायचं ते बहिणीशीच, तेही माहेरच्या जत्रेला दोघी भेटल्या तर. देवळामागच्या पारावर बसून दिवस कलेपर्यंत दोघींचे हात चाललेले असत. मग पुन्हा वर्षभर काही नाही.

काकीला हाक मारायची आमची रीत अशी, की जमिनीवर पाय आपटायचा. सारवलेल्या जमिनीतून तो हादरा तिच्या तळव्यांना कळायचा आणि ती वळून बघायची. अंगणापलीकडून तिला हाक मारणं कुणालाच जमलं नाही.

पुढे धाकटीचे गुडघे गेले. घाट चढून जत्रेला येणं थांबलं. त्याच वर्षी शिमग्याच्या सुमाराला तिचा मुलगा आमच्याकडे आला आणि पिशवीतून एक मोठ्या पडद्याचा फोन काढून त्यानं काकीच्या हातात ठेवला. डोळ्याखाली बोट लावून दाखवलं, की हा तिनं धाडलाय.

"ह्याच्यात मान्सं दिसत्यात, दादा," तो मला म्हणाला. "आई तितं, मावशी हितं. हात हलवले की झालं. तुमी फकस्त लावून द्यायला शिकवा तिला."

ओट्यावर शेजारचे दोघेतिघे बसले होते. त्यांच्यासमोर मी हसून म्हणालो, "मुकीला फोन? मग उद्या आंधळ्याला आरसा आणा की!"

सगळे हसले. काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तीही हसली, कारण सगळे हसत होते.

फोन मी शिकवायला म्हणून घेतला. त्याच आठवड्यात धरणाकाठी माझ्या तंबूंना पाहुण्यांची रीघ लागली. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं तंबूत राहायला येतात, तोच माझा धंदा. बुकिंगला दुसरा फोन हवाच होता. गर्दी ओसरली की देऊ, असं स्वतःला सांगितलं. मग पावसाळ्याची गर्दी आली, मग थंडीची. कर्जतहून काकीच्या भाच्यानं दोनदा विचारलं, तेव्हा आमच्याकडे रेंज नसते असं मी सांगितलं. खरं तर गावाजवळ टॉवर होऊन बरेच दिवस झाले होते.

काकीनं फोन मागितला नाही. ती माझ्या हातातल्या फोनकडे नुसती बघायची.

पुढच्या वर्षी लावणीच्या दिवसांत भाच्याचा फोन आला. मी तो स्पीकरवर घेतला, माझी मुलगी तेव्हा शेजारीच होती. ती लोणावळ्याला कॉलेजात जाते, पाऊस फार होता म्हणून त्या दिवशी घरी होती.

"आईच्या अंगावरनं वारं गेलं, दादा," तो म्हणाला. "जीव वाचला. पण उजवा हात गेला. मावशीला सांगा. आन् तो फोन लागतोय का आता? आई डाव्या हातानं सारखी मावशीचीच खूण करती."

मी काकीसमोर जाऊन पाय आपटला. ती वळली. मी डोळ्याखाली बोट लावलं आणि माझा उजवा हात सैल सोडून लोंबता दाखवला. ती कितीतरी वेळ माझ्या त्या हाताकडे बघत राहिली. जिचं सगळं बोलणं हातात, तिचा उजवा हात गेला म्हणजे काय, हे तिला मी समजावायची गरज नव्हती. ते मलाच त्या क्षणी समजलं. वर्षभर धाकटीचे दोन्ही हात धड होते आणि त्या दिवसांत ह्या दोघी रोज बोलू शकल्या असत्या.

"कुठला फोन, पप्पा?" मुलीनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, पाहुण्यांचे मेसेज बाजूला सारले आणि काकीला ओट्यावर उजेडात बसवून कर्जतला लावला. फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून ठेवला.

पडद्यावर उशीला टेकलेली धाकटी दिसली. चेहरा एका बाजूला ओढलेला, पण तीळ तसाच. काकीच्या घशातून एक आवाज निघाला, मी कधी न ऐकलेला. तिनं पडद्याला हात लावला, तसा फोन हलला, तेव्हा मुलीनं हळूच तिचा हात बाजूला घेतला. धाकटीनं डावा हात उचलला. भाकरीसाठी थाप मारायला गेली आणि तो एकटा हात हवेतच राहिला. दुसरा तळहात यायचाच नव्हता. तिनं तोंड फिरवलं.

मग काकीनं जे केलं, ते मी अजून विसरलेलो नाही. तिनं आपला उजवा हात पदरात गुंडाळला, पदर कमरेला खोचला, आणि धाकटीनं पुन्हा बघेपर्यंत थांबली. मग डाव्या हाताची थाप स्वतःच्या गुडघ्यावर मारली. भाकरी. धाकटी बघत राहिली. थोड्या वेळानं तिचा डावा हात तिच्या गोधडीवर पडला. थाप. भाकरी.

दोघी हसल्या. ओढलेल्या चेहऱ्यानं एक आणि दात नसलेली एक.

तिथून पुढे मी रोज बघत गेलो. लावणी एका हाताची झाली. चांदणं, म्हैस, जावई, राग, सगळं एकेक करून डाव्या हातात आलं. म्हातारपणी दोघींनी बोलणं पुन्हा मांडलं, आणि मधे अख्खा घाट होता. आमच्या खाचरात रोपं उभी राहिली की काकी फोन तिकडं फिरवायची. ते हिरवं धाकटीला त्याच घटकेला दिसायचं. कधी दोघी काहीच बोलत नसत. काकी तांदूळ पाखडायची, तिकडे धाकटी शेंगा सोलायची, फोन नुसता चालू.

आणि मला सगळ्यात थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. काकी फोन लुगड्याच्या निऱ्यांत खोचून ठेवायला लागली. एकदा ती परसात शेण थापत होती. कुणी पाय आपटला नव्हता, जवळ कुणी नव्हतंही. अचानक ती दचकून उठली, हात पुसले, पोटाशी थरथरणारा फोन बाहेर काढला. कर्जतहून तिला हाक आली होती आणि ती तिला कळली होती. मी दारात उभा होतो. अंगणाबाहेरची हाक तिच्यापर्यंत पोचलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. एवढी मोठी गोष्ट मी तंबूंच्या बुकिंगखाली दडपून ठेवली होती.

तरी माझ्या तोंडून, किंवा हातून, माफी निघत नव्हती. फोन दिलाय ना आता, असं मनाला सांगत होतो.

एका सकाळी मुलगी चहा देताना म्हणाली, "पप्पा, काकीआजी तुम्हाला काय म्हणते माहितीय?"

"काय म्हंजे? हनुवटी."

"नाही." तिनं दोन्ही हातांची बोटं टोकाला जुळवून उतरतं छप्पर केलं. "तंबू. मला वाटलं तंबूतल्या पाहुण्यांबद्दल बोलतेय. पण जेवायला बोलव म्हणाली तेव्हा तुमच्याकडेच बोट केलं."

"कधीपासनं?"

"आई म्हणते, गेल्या वर्षापासून."

बायको चुलीपासून म्हणाली, "मला वाटलं तुमाला ठावं हाय. सगळ्या घराला ठावं हाय."

म्हणजे काकीला पहिल्यापासून सगळं कळलं होतं. भांडली नाही, रडली नाही. तिनं मला दिलेलं नाव तेवढं काढून घेतलं. त्या नावात मांडी होती, उखळ होतं, माझं रक्त पुसलेला तिचा पदर होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं ओट्यावर आली तेव्हा दोघींचं बोलणं चालू होतं. मी काकीच्या शेजारी जाऊन बसलो, म्हणजे पडद्यात मीही आलो. धाकटीनं मला बघून हात थांबवला. मी उजवा हात शर्टात घातला. हनुवटीला बोट लावायचा हक्क मला नव्हता, म्हणून तंबू करायला गेलो, पण एका हातानं तो अर्धाच झाला. तेवढा केला. मग फोनकडे बोट केलं, काकीकडे केलं, डोळ्याखाली लावलं, आणि मूठ आवळून छातीशी धरली. तंबूनं तुमचा दोघींचा फोन घेतला. मग मूठ उघडली आणि डाव्या हातानं डावा कान धरून, लहानपणी चुकलो की काकीपुढे बसायचो तसा, मान खाली घालून बसून राहिलो.