डोहापर्यंत गाडी जाते

आमच्या दादाला कुठल्याही प्रश्नावर एकच उत्तर सुचतं, जेसीबी. जुना गोठा पाडायचाय, जेसीबी. बांध सरळ करायचाय, जेसीबी. थोरल्या मुलीच्या वाढदिवसाला तर त्यानं जेसीबीच्या बकेटमधून तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या ओतल्या. बकेट धुवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, त्यामुळे पाकळ्यांबरोबर पाटीभर मुरूमही पोरीच्या केसात पडला. ती रडायला लागली, तर हा म्हणतो, आनंदाचं रडणं हाय.

बिद्रीच्या पुढे आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला डोंगरातून येणारा एक ओढा आहे आणि त्या ओढ्यात आमचा डोह होता. होता असंच म्हणायला हवं. फार मोठा नव्हे, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा. पण मे महिन्यात वरचा ओढा कोरडा, खालचा ओढा कोरडा, आणि मध्ये एवढ्या जागी पुरुषभर पाणी. वरच्या अंगाला एक बारका झरा होता आणि खालच्या तोंडाला आडवा पडलेला काळाकुट्ट सपाट दगड. त्याला आम्ही उंबरा म्हणायचो. झऱ्याचं पाणी उंबऱ्याला अडायचं, साठायचं, आणि जास्त झालेलं त्याच्यावरून पातळ पदरासारखं खाली जायचं. उंबरा आहे म्हणून पाणी आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच दगडावर ओल्या अंगानं बसून आम्ही भावंडं वाळायचो. दादासुद्धा. माझ्या शेजारीच बसायचा.

ऊस कारखान्याला गेला आणि शाळांना सुट्ट्या लागल्या की सगळं घर डोहावर जायचं. भाकरी, खर्डा, दह्याचं गाडगं, करंजाच्या सावलीला चटई. पण आबांनी पहिला मुटका मारल्याशिवाय पाण्याला कुणी पाय लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. आबा म्हणजे आमचे वडील. ते उंच खडकावर उभे राहायचे, मांडीवर थाप मारायचे आणि गुडघे पोटाशी घेऊन धबकन पाण्यात. काठावरच्या बायकांची लुगडी भिजायची, बायका शिव्या द्यायच्या, आणि मग आम्ही पोरं बेडकांसारखी आत. गावातल्या इतर पोरी ओढ्यावर धुणं धुवायला जायच्या. मला आबांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकवलं. लोक म्हणाले, पोरीला पोहायला शिकवून काय करणार? आबा म्हणाले, बुडणार न्हाय ती, एवढं बास.

मग आबांची उजवी बाजू गेली. अर्धांगवायू. सहा फुटी माणूस खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर. बोलणं हळूहळू परत आलं, हातही थोडा उचलायला लागला, पण उजवा पाय जमिनीवर भार घेईना. व्यायाम करून घ्यायला एक मुलगा यायचा, तो एकदा बोलता बोलता म्हणाला की पाण्यात माणसाचा भार कमी होतो, कदाचित पाण्यात पाय टेकतील. आबांनी तेवढंच धरलं. मी कोल्हापुरातून भेटायला गेले की दर वेळी एकच मागणं. ‘पोरी, मला एकदा डोहात न्या. मानेएवढ्या पाण्यात सोडा. उभा ऱ्हातो बघ मी.’

दुसरं काहीही मागितलं नाही त्यांनी. ना मुंबईचा डॉक्टर, ना कुठला नवस. त्यांना स्वतःच्या पायावर एकदा उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी गळ्याएवढं पाणी हवं होतं. बस्स.

आणि ते अवघड नव्हतं. गाडीवाट डोहाच्या वरपर्यंत जाते. तिथून खाली उताराची पायवाट, धडधाकट माणूस विडी पेटवेपर्यंत खाली पोचतो. आबांना लाकडी खुर्चीत बसवायचं, धोतरानं कमरेला बांधायचं, चौघांनी खुर्ची उचलायची आणि सावकाश उतरायचं. मी हे दादाला सांगितलं. त्याच्याआधी वहिनी बोलल्या.

‘चौघांनी उचलून? वन्सं, जित्या माणसाला चौघं न्हेत असत्यात व्हय?’

‘मग पाच जण उचला,’ मी म्हटलं.

त्यावर दोघंही अशी बघायला लागली की मीच आबांची तिरडी बांधायला घेतलीय. दादाची अडचण आणखी निराळी होती. तो पुढच्या खेपेला पंचायतीला उभा राहणार. खुर्चीत बांधलेला बाप गावासमोरून न्यायचा म्हणजे लोक काय म्हणतील? एवढी मोठी गाडी दारात आणि म्हातारा माणसांच्या खांद्यावर? माझे यजमान शेजारी बसून चहा फुंकत होते. जावयानं सासुरवाडीत तोंड उघडू नये, असं त्यांचं तत्त्व आहे. खाण्यापुरती त्यात सूट असते.

‘तू पंधरा दिस गप ऱ्हा,’ दादा म्हणाला. ‘आबा आपल्या गाडीतनं, एसीत बसून, थेट डोहापर्यंत जातील. माझ्यावर सोड. आणि आबास्नी सांगू नको, सरप्राईज हाय.’

डोह ज्यांना तळहातासारखा माहीत, ज्यांनी जन्मभर त्याचं पाणी अंगावर घेतलं, त्या एका माणसालाच सांगायचं नव्हतं. बाकी सगळ्या गावाला माहीत होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही गेलो. आबांना डोहावर जायचंय एवढंच सांगितलं होतं. त्यांनी आदल्या दिवशीच न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली होती. सकाळी माझ्या आधी उठून, डाव्या हातानं, कुणाला हात लावू न देता त्यांनी लंगोट बांधला. अर्धा तास लागला असेल. वरून पांढरा सदरा. पोहायला निघालेले नव्हेत, नवरदेव वाटत होते. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, मागे मी, वहिनी आणि पोरं. यजमान मोटारसायकलवर, कारण गाडीत जागा उरली नाही, आणि मला वाटतं त्यांना ते बरंच वाटलं.

गाडीवाट संपते तिथे गाडी थांबली नाही. पुढे लालभडक मुरमाचा रस्ता, रोलर फिरवलेला, उतारावर वळण घेत खाली गेलेला. वळणावर डिजिटल बोर्ड, ‘वडिलांची डोहस्नानाची इच्छा पूर्ण’. त्यावर दादा हात जोडून हसतोय, आणि कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आबा.

‘करंज कुठाय?’ आबांनी विचारलं.

‘आडवा येत हुता, काढला,’ दादा म्हणाला. ‘आता बघा आबा, गाडी कशी जातीया.’

गाडी खरंच छान गेली. पार तळापर्यंत गेली. दादानं ब्रेक मारला, खाली उतरला, आबांच्या बाजूचं दार राजेशाही थाटात उघडलं, आणि मग समोर बघितलं.

डोह नव्हता. काळा चिखल होता, मध्ये घोट्याएवढं पाणी वळवळत खाली निघालं होतं, आणि कडेच्या भेगांत बोटभर मासे पोट वर करून पडले होते. रस्त्याचं शेवटचं वळण बसेना म्हणून ब्रेकर लावून उंबरा फोडला होता. त्याचे तुकडे रस्त्याच्या कडेला नीट रचून, चुना मारून ठेवले होते. शोभेला.

लहानपणी गोष्ट ऐकली होती, उंटावरून आत यायला दार पाडायला लावणाऱ्या शहाण्याची. ती ऐकताना दादा सगळ्यात जास्त हसायचा.

‘पाणी जरा कमी वाटतंय,’ दादा म्हणाला.

‘दादा, तू उंबरा फोडलास,’ मी म्हटलं.

‘एक दगुड तर हुता. उन्हाळा हाय, पाणी आटणारच की.’

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. इतक्या वर्षांत आटलं नव्हतं, दुष्काळात आटलं नव्हतं, आणि हा मला उन्हाळा शिकवतोय. वहिनी म्हणाल्या, ‘जाऊ दे वन्सं, रस्ता तरी झाला.’ कुठे जायचा रस्ता, ते त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

आबा उघड्या दारातून बघत राहिले. मी म्हटलं, आबा, घरी जाऊ. तोवर दादा फोनवर होता. त्याचा चेहरा उजळला होता, म्हणजे त्याला पुन्हा काहीतरी सुचलं होतं.

त्यानं टँकर मागवला.

हे मी रचून सांगत नाही. तासाभरानं खरोखरच पाण्याचा टँकर त्या नव्या रस्त्यानं डुलत डुलत खाली आला. आमची गाडी सोडली तर एवढ्या खर्चाच्या रस्त्याचा तो पहिला आणि शेवटचा उपयोग. दादानं स्वतः पाइप धरला. पाणी धो धो पडलं, मुरमानं लाल झालं, चिखलातून पुढे सरकलं, आणि जिथे उंबरा होता त्या भगदाडातून सरळ खाली निघून गेलं. दादा ओरडत होता, ‘सोड अजून, भरतंय, भरतंय.’ टँकरवाला पाण्याकडे बघायचा आणि मग दादाकडे. पावणा शहाणा होता, पाणी संपेपर्यंत कॉक उघडा ठेवून उभा राहिला. खालच्या शेतातल्या उसाला तेवढं बरं पाणी बसलं. आमच्या घरानं केलेलं त्या वर्षातलं एकमेव पुण्यकर्म ते असावं.

माणसानं इथे तरी थांबावं. पण पंचायतीसाठी दादाचा व्हिडिओ व्हायचा होता. बोर्डावर जे छापलं होतं ते घडलेलं दिसायला हवं होतं. म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, ती त्या लाल पाण्यात मांडली, आणि आबांचा सदरा काढून त्यांना तिच्यात बसवलं. गाडीपासून खुर्चीपर्यंत त्यांना उचलून नेणारे किती जण होते माहीत आहे? चौघं. दादा, माझे यजमान, टँकरवाला आणि त्याचा जोडीदार. वहिनींना तेव्हा अपशकुन दिसला नाही, त्या कॅमेरा धरून होत्या.

आबांच्या पिंढऱ्यादेखील पुऱ्या भिजत नव्हत्या. ते खाली बघत होते. मग त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर टाकला आणि जोर दिला. मला कळलं काय करतायत ते. मी कमरेला धरलं. डावा पाय उठला, सगळं अंग थरथरलं, उजवा पाय पाण्यात चाचपडला, चिखलात बोटं रुतवू बघत होता. पण घोट्याएवढं पाणी काय कुणाला उचलतं? सगळा भार माझ्यावर आला आणि आम्ही दोघं परत खुर्चीवर आदळलो. खुर्चीचा एक पाय चिखलात गेला. दादा म्हणाला, ‘सावकाश, सावकाश, फ्रेममधनं जाताय.’

मग त्यानं त्या लाल पाण्यातूनच बादली भरली, प्लॅस्टिकचा तांब्या घेतला आणि आबांच्या डोक्यावर पाणी ओतायला लागला. एक तांब्या, दुसरा तांब्या. लंगोट कसलेला, दाढी केलेला माझा बाप डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या छातीवरून लाल ओघळ जात होते. मला दादाची इतकी किळस यापूर्वी कधी आली नव्हती. वाईट माणूस असता तर एक वेळ परवडलं असतं. वाईट माणूस निदान विचार करतो.

‘आबा, सांगा की, कसं वाटतंय?’ दादानं कॅमेऱ्याकडे तोंड करून विचारलं.

आबांनी डोळे उघडले. ‘हे घरात न्हाणीत झालं असतं की,’ ते म्हणाले.

ते कुणालाच हसण्यावारी नेता आलं नाही, दादालाही नाही. मी आबांना पुसलं, सदरा घातला, आणि त्याच चौघांनी त्यांना गाडीत बसवलं. टँकरवाला पुढे निघून गेला. आम्ही त्याच्या मागून चढ चढायला लागलो.

वर आल्यावर आबा काचेतून बाहेर बघत म्हणाले, ‘आता मी कुठं न्या म्हणून म्हणणार न्हाय तुमास्नी.’

आणि ते म्हणाले नाहीत. या उन्हाळ्यात मी स्वतःहून तलावाचं विचारलं, पोहण्याच्या टाकीचं विचारलं, खुर्ची मी आणते म्हटलं. ते मान हलवतात आणि भिंतीकडे तोंड करतात.

पण त्या दिवशी गाडीत ते वाक्य आमच्या दादानं ऐकलं होतं. मी मागच्या सीटवरून त्याच्याकडेच बघत होते. आता हा काहीतरी बोलेल, निदान गाडी थांबवेल, असं मला खरंच वाटलं. त्यानं आबांकडे वळून बघितलं आणि काळजीनं विचारलं, ‘उकडतंय व्हय आबा? एसी वाढवू?’