डाव्या कोपऱ्यातली दैवशाला

वाटूर फाट्यावर रामकिसनचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. तिथं थांबलेला एखादा ट्रकवाला कबड्डीचा शौकीन निघाला, की रामकिसन चाक खोलता खोलता सांगायचा, "आमची मंडळी जालन्याच्या टीमची कॅप्टन हाय." समोरच्याला ते खरं वाटायचं नाही. मग रामकिसन मोबाइल काढून फोटो दाखवायचा. फोटोत चढाईला आलेली एक मुलगी पालथी पडलेली दिसायची आणि तिच्या घोट्याला घट्ट बसलेले दोन हात. "हे हात तिचे," रामकिसन म्हणायचा. चेहरा कुठल्याच फोटोत धड आलेला नसायचा.

दैवशाला डाव्या कोपऱ्यात खेळायची. शाळेत असताना काळ्या मातीच्या मैदानावर ती घोट्याची पकड शिकली. लग्नानंतर दोन वर्षं घरी बसली आणि मग परतूरच्या एका शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. जालन्याच्या श्रेणिकशेठनी, म्हणजे बियाण्याच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी, मराठवाडा महिला लीगमध्ये 'रणरागिणी' हा संघ उतरवला, तेव्हा पहिलं नाव तिचं घेतलं. पहिले दोन हंगाम संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. लोक म्हणायचे, जालन्याची पकड म्हणजे दैवशालाची पकड.

एकाच माणसानं तिचा खेळ कधी पाहिला नव्हता. तिची सासू, तुळजाबाई. "बायामाणसानं मांडी थोपटायची अन् लोकांनी शिट्ट्या मारायच्या, मला न्हाई बघवत ते," असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला होता. अडवलं मात्र कधी नाही. दैवशाला खेळायला गेली की चूल-भांडी त्याच सांभाळायच्या. तिनं कुठल्याशा स्पर्धेत जिंकून आणलेला कप त्यांनी ज्वारीच्या कोठीवर ठेवला होता आणि त्यात सुई-दोरा टाकून ठेवायच्या. दैवशालानं ते सोसलं होतं. स्वभावच तसा म्हणून सोडून दिलं होतं.

तिसऱ्या हंगामाला श्रेणिकशेठनी जाफराबादहून राजनंदिनीला आणलं.

वीस वर्षांची मुलगी. उंच, सडपातळ, पायात वारं भरल्यासारखी. समोरच्या अंगणात शिरायची तेव्हा हसत शिरायची आणि गडी मारून परतताना वेणी झटकायची. त्या वेणीवर पोरं वेडी झाली. जालन्यात मोंढ्याच्या कमानीवर बॅनर लागलं. मधोमध राजनंदिनी, पुरुषभर उंचीची, आणि कडेला बाकीच्या सगळ्या हरभऱ्याएवढ्या. दैवशाला बसमधून उतरली आणि बॅनरखाली उभी राहून स्वतःला शोधत राहिली. सापडली तेव्हा अर्ध्या तोंडावर दोरीची गाठ आली होती.

"कॅप्टन कोण हाय या टीमची?" तिनं भिवा सरांना, त्यांच्या प्रशिक्षकांना, विचारलं.

"तूच की."

"मंग बॅनरवाल्याला सांगा जरा."

भिवा सर हसले. ती हसली नाही.

हंगाम सुरू झाला आणि संघ हरायला लागला. राजनंदिनी गुण आणायची, पण तिच्यामागे कोणी नव्हतं. ती बाद होऊन बाहेर बसली की संघ उघडा पडायचा. पहिली मॅच गेली, दुसरी गेली, तिसरीत तर अख्खा संघ बाद होऊन दोनदा लोण बसला. तरी दुसऱ्या दिवशी पेपरात काय? 'राजनंदिनीची एकाकी झुंज.' दैवशालानं त्या मॅचमध्ये पाच जणींना जमिनीवर आणलं होतं. तिनं बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आपलं नाव नाही हे कळल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

हरल्याचं दुःख होतंच. पण त्या दुःखाच्या तळाशी एक गारवा होता, तो तिचा तिलाच कळत होता. आणा म्हणावं बॅनरवालीला. जिंकून दाखव म्हणावं आता.

एका दुपारी ती शाळेतून घरी आली तर तुळजाबाई ओट्यावर बसून रामकिसनच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. आतून कबड्डी-कबड्डीचा दम ऐकू येत होता.

"काय बघून राह्यल्या, आत्याबाई?"

"ही पोरगी बघ," तुळजाबाई म्हणाल्या. "जाफराबादची. हरणावानी पळती गं. चार जणी अंगावर आल्या तरी निसटली. म्या आतापस्तोर तीनदा बघितलं."

दैवशालानं वरून डोकावून पाहिलं. व्हिडिओच्या त्या तुकड्यात आपण मागच्या बाजूला उभ्या आहोत, हे तिला उभ्याउभ्या दिसत होतं. सासूला दिसलं नव्हतं.

"आता मॅच जालन्यातच हाय ना?" तुळजाबाईंनी विचारलं. "मला घेऊन चल. एकदा डोळ्यानं बघते तिला."

त्या दिवशी दैवशालाच्या भाकरी करपल्या. इतकी वर्षं. सुई-दोऱ्याचा कप. आणि ही कोण कुठली पोरगी, वेणी झटकते म्हणून हिच्यासाठी आत्याबाई बसचा प्रवास करणार!

मॅच परभणीशी होती. जिंकली असती तर पुढच्या फेरीची आशा राहिली असती. हॉल भरलेला होता. तिसऱ्या रांगेत तुळजाबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, शेजारी रामकिसन. दैवशालानं दोनदा तिकडे पाहिलं. दोन्ही वेळा सासूची नजर राजनंदिनीवर होती.

परभणीच्या उजव्या कोपऱ्यात मोना होती. मागची दोन वर्षं ती जालन्याकडूनच खेळली होती. दैवशालाच्या शेजारी झोपलेली, तिच्या डब्यातलं खाल्लेली. मोनाची एक खोड होती. ती बोनसची, म्हणजे पाय पलीकडे टाकला की जादा गुण देणारी, रेषा मुद्दाम मोकळी सोडायची, दमल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि चढाईवालीचा पाय रेषेपलीकडे पडला की घोट्यावर झडप घालायची. ही युक्ती दोघींनी मिळूनच बसवली होती.

उत्तरार्धात गुण बरोबरीत आले. भिवा सरांनी टाइमआउट घेतला. राजनंदिनी घाम पुसत दैवशालाजवळ आली.

"ताई, ती मोना दमली वाटतं. बोनस मोकळा सोडून राह्यली. घेऊ का?"

दैवशालाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. बिलकुल नको, ती फसवून राह्यली. एवढंच बोलायचं होतं. पण तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून तुळजाबाईंनी हात वर करून या मुलीकडे बोट दाखवलं आणि रामकिसनला काहीतरी म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

"घे की," दैवशाला म्हणाली.

राजनंदिनी गेली. पाय रेषेपलीकडे टाकला आणि मोनाचा हात बसला. मुलगी निसटायला फिरली, अंग वळलं, पण पाय जागचा हलला नाही. गुडघ्यातून आवाज आला तो मॅटवरच्या सगळ्यांनी ऐकला. ती ओरडली. डॉक्टर धावले, भिवा सर धावले, सगळ्या मुली धावल्या. दैवशाला डाव्या कोपऱ्यात उभीच राहिली.

मॅच गेली. बसमध्ये तुळजाबाई खिडकीशी बसल्या होत्या. जालना मागे पडल्यावर म्हणाल्या, "पोरगी पडली तव्हा सगळ्या पळाल्या. तू न्हाई पळालीस."

"मला काय करावं सुधरलं न्हाई, आत्याबाई."

तुळजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तोंड खिडकीकडे फिरवलं.

उरलेल्या मॅचेस राजनंदिनीशिवाय झाल्या. दैवशालाला वाटलं होतं, आता संघ पुन्हा आपला होईल. ती जीव तोडून खेळली, आयुष्यात खेळली नव्हती तशी. पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि जे आले ते म्हणत राहिले, "राजनंदिनी असती तर." समोर असताना तिच्याशी निदान बरोबरी करता येत होती. आता ती घरी खाटेवर पडली होती आणि तिथूनही दैवशालाला हरवत होती. रणरागिणी तळाला राहिल्या. शेवटच्या मॅचला श्रेणिकशेठ आलेच नाहीत.

हंगाम संपल्यावर राजनंदिनीचा फोन आला. "ताई, घरी या एकदा." एवढंच बोलून तिनं ठेवला. दैवशाला जालन्याहून जीपनं जाफराबादला गेली. कापसानं भरलेल्या खोलीच्या दारात खाट होती. राजनंदिनी पाय उशीवर ठेवून बसली होती. वेणी घातलेली नव्हती.

"मोना भेटायला आल्ती," ती म्हणाली. "म्हणली, ही पकड मी अन् दैवशालाताईनं मिळून बसवली. खरं का?"

"खरं."

"मंग तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

राजनंदिनीचे डोळे भरले, पण आवाज कडक राहिला. "मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

दैवशालाला वाटलं होतं, आपण काहीतरी सारवासारव करू. तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझी सासू तुला बघायला आल्ती. मला बघायला कधीच न्हाई आली."

"तुमच्या सासूचं उट्टं माझ्या गुडघ्यावर काढलं?"

दैवशाला खाली मान घालून बसली. राजनंदिनीच्या आईनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

"डॉक्टर म्हणले, पुढच्या वर्षी खेळशील," शेवटी राजनंदिनी म्हणाली. "मला माफी नको तुमची. लीगमधल्या सगळ्या कोपऱ्यांच्या खोडी तुम्हाला ठाऊक हायेत. त्या सांगा. कोण कुठं झडप घालती, कोण कधी फसवती. सगळं."

दैवशालानं सांगितलं. नांदेडची, बीडची, लातूरची, एकेक. वर्षानुवर्षं मॅटवर आपटून गोळा केलेलं होतं ते. ही पोरगी आता आणखी मोठी होणार आणि तेही माझ्याच जिवावर, हे तिला प्रत्येक नावागणिक वाटत होतं. तरी ती सांगत गेली. आपली स्वतःची खोड मात्र तिनं सांगितली नाही. राजनंदिनीनंही विचारली नाही.

पुढच्या वर्षी राजनंदिनीला लातूरनं घेतलं. दैवशालाला जालन्यानं ठेवलं, पण कॅप्टन दुसरीला केलं. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा राजनंदिनी तशीच हसत आली आणि तिनं जालन्याच्या एकेकीला टिपून काढलं. लातूर जिंकणार हे लवकरच दिसायला लागलं.

शेवटाकडे ती डाव्या कोपऱ्यात घुसली. दैवशाला वाट बघत होती. तिनं उजव्या खांद्यानं आपली ती न सांगितलेली हुलकावणी दिली, खाली झेपावली, आणि घोटा हातात आला. राजनंदिनी रेषेकडे सरपटली, वीतभर, आणखी वीतभर. दैवशालानं गाल मॅटवर टेकवला, डोळे मिटले आणि सगळा जोर त्या दोन हातांत आणला.

शिट्टी झाली. पंचांनी हात वर केला.

"सोडा आता, ताई," राजनंदिनी धापा टाकत म्हणाली. "शिट्टी झाली."

दैवशालानं ऐकलं. सोडायला तिला थोडा वेळ लागला.