फळ्यावरची शिष्यवृत्ती

चूक माझीच होती, आणि ती मी खडूने, ठळक अक्षरांत, सगळ्या बिल्डिंगला दिसेल अशी लिहिली होती.

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. सेक्रेटरी या नात्याने त्यावर लिहायचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. शुक्रवारी पाणी येणार नाही, रविवारी टाकी धुणार, मेंटेनन्स भरला नसल्यास भरावा. त्याच फळ्यावर मी एका जूनमध्ये लिहिलं, 'आपल्या सोसायटीच्या कन्येस खासगी विद्यापीठाची भरघोस शिष्यवृत्ती. हार्दिक अभिनंदन.' कन्या माझीच होती. 'आपल्या सोसायटीच्या' हे शब्द विनय दिसावा म्हणून घातले होते.

मुलीला डिझाइनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. विद्यापीठाच्या पत्रावर मथळा होता आर्थिक साहाय्याचा. त्याखाली दोन ओळी होत्या, एक फीमाफीची आणि दुसरी शैक्षणिक कर्जाची. सर्वांत खाली एकूण. मी एकूण वाचलं. मी कारखान्याच्या भांडारात काम करतो. आवक आणि जावक वेगवेगळ्या वहीत लिहिण्यात माझं आयुष्य गेलं आहे. पण कर्जालाही कुणी साहाय्य म्हणत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे कर्जाला कर्जच म्हणतात.

मुलीने पत्र नीट वाचलं होतं. "बाबा, थांब ना. त्यातलं मोठं आहे ते..." ती सांगू लागली.

"आधी पेढा खा," मी म्हणालो आणि तिचं तोंड बंद केलं. अक्षरशः.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं ठाण्याच्या बँकेत गेलो. मला वाटत होतं, शिष्यवृत्तीचं खातं उघडायचं असेल. साहेबांनी कागदांची चळत माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "काका, इथे सही. तुम्ही सहकर्जदार."

मी विचारलं, सह ते ठीक, पण कर्जदार कसला? त्या भल्या माणसाने लहान मुलाला समजावावं तसं समजावलं. फीमाफी परत करायची नसते, कर्ज परत करायचं असतं. शिकत असेपर्यंत हप्ता नाही, पण व्याज काही सुट्टीवर जात नाही. अभ्यासक्रम संपल्यावर थोडी सवड, मग हप्ते सुरू. आणि कर्ज मुलीच्या नावावर, मी फक्त तिच्या मागे उभा. मी सही केली.

बाहेर आल्यावर मुलीने उसाचा रस घेतला, मला अर्धा दिला. तिला सगळं आधीच माहीत होतं. तिने हिशेब केला होता, कर्ज झेपेल असं तिला वाटत होतं, आणि तिला तिथेच शिकायचं होतं. तिची मागणी एकच होती. "फक्त तो फळा पूस, बाबा."

मी हो म्हणालो, पण पुसला नाही. पाण्याची सूचना उरलेल्या अर्ध्या भागात कोंबली आणि अभिनंदन तसंच ठेवलं. लोक जाता-येता थांबून बोलत, ते मला आवडायला लागलं होतं.

त्याचं फळ गणपतीत मिळालं, आणि ते मुलीला भोगावं लागलं. सोसायटीने तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ झालं आणि मग कुणीतरी माइक तिच्या हातात दिला. बाकीच्या मुलांना सांग, म्हणाले, पूर्ण शिष्यवृत्ती कशी मिळवायची. तिने पहिल्या रांगेत माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. "अभ्यास केला," एवढंच म्हणून ती खाली बसली. माझं खोटं तिने सगळ्यांसमोर सांभाळून घेतलं. बायकोने त्या नारळाच्या वड्या केल्या. मला एकच दिली.

वर्ष मात्र छान गेलं. मुलगी पुठ्ठे, तारा, रंग घेऊन घरभर पसरायची आणि आनंदात असायची. कॅन्टीनमध्ये कर्जाच्या गोष्टी सगळे उघड बोलतात, असं तिने सांगितलं. तिथेच तिला कळलं की दुसऱ्या वर्षी फीमाफी वाढवून मागता येते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आणि पालकांचं पत्र हवं, मदत का लागते ते सांगणारं.

दाखला मी कल्याणच्या तहसील कार्यालयातून आणला. पत्र मराठीत लिहायचं ठरलं, ती इंग्रजी करणार होती. मी दोन पानं लिहिली. आमचं स्वतःचं घर, घराण्याचा नावलौकिक, सोसायटीतलं माझं स्थान. ती वाचता वाचता जमिनीवर बसून हसायला लागली.

"बाबा, हे वाचून तेच आपल्याकडे देणगी मागतील."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आता एकदा खरं लिहा."

तिसऱ्या खेपेला खरं लिहिलं. पगार, घराचा हप्ता, आईची औषधं, बंद झालेला ओव्हरटाइम. चार ओळींत संपलं. 'आम्हाला मदत हवी आहे' हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, आणि आश्चर्य म्हणजे छाती हलकी झाली. फीमाफी वाढली. कर्ज संपलं नाही, पण पुढचं कमी घ्यावं लागणार होतं. त्या संध्याकाळी घरात इतका गोंधळ, इतकं हसणं होतं की दारावरची बेल दोनदा वाजली तेव्हा ऐकू आली.

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ होते, हातात त्याच विद्यापीठाचं माहितीपुस्तक. त्यांचा मुलगा बारावी झाला होता. "तुमच्यासारखीच आम्हालाही शिष्यवृत्ती मिळेल," ते म्हणाले, "म्हणून अनुदानित कॉलेजातली जागा उद्या सोडतोय."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. मी त्यांना बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, फळ्यासकट. मुलीने कागद घेतला. "काका, दोन रकाने करा," ती म्हणाली. "परत न करायचं आणि परत करायचं. त्यांची बेरीज कधीच करायची नाही." त्यांनी माहितीपुस्तकातले आकडे दोन रकान्यांत मांडले. मग म्हणाले, "जागा राहू दे तर." आणि दोन पेढे उचलले.

सकाळी दुधाच्या वेळेला मी ओला फडका घेऊन खाली गेलो. फळा पुसला आणि लिहिलं की गेल्या वर्षीची सूचना चुकीची होती; थोडी फीमाफी आणि बरंचसं कर्ज आहे; कुणाला माहिती हवी असेल तर घरी यावं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी पिशवी सावरत वाचलं. "म्हणजे आमच्या नातवासारखंच की," म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

तेवढ्यात मुलगी खाली आली, खांद्याला कागदांची लांब नळी. तिने वाचलं. "शिष्यवृत्तीच्या वेळेपेक्षा अक्षर बरं आलंय," म्हणाली.

"अजून एक ओळ आहे," मी म्हणालो. खडू हातात होता, ती शेजारी उभी होती. तिच्यासमोरच खालच्या कोपऱ्यात लिहिलं, 'गणपतीत माझ्या मुलीला माझ्यासाठी गप्प बसावं लागलं. त्याबद्दल मी तिची माफी मागतो.' मग फळ्याकडे पाठ केली आणि तेच तोंडानेही म्हणालो.